नाही म्हटल्यानंतरची रात्र

मैत्रिणींनो,

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुळशी तालुक्यात आपल्या गटांचं दोन दिवसांचं शिबिर झालं. भाताचा तरवा वाढतोय आणि आवणी अजून लागायची आहे, एवढ्याच दिवसांत इथल्या बायकांना जरा उसंत असते. ती साधून पौडच्या पुढच्या एका गावातल्या समाजमंदिरात आम्ही जमलो. बाहेर मुळशीचा पाऊस आणि वर पत्रा. सर जोरात आली की बोलणारीला मध्येच थांबावं लागायचं.

विषय होता मनाचं बळ आणि नात्यांचं आरोग्य. खरं सांगायचं तर हा विषय ठरवताना आमच्यातच कुरबूर झाली होती. रेशन, रोजगार, दारू, मारहाण हे सगळं समोर असताना मनाचं काय घेऊन बसायचं, असं काही जणींचं म्हणणं होतं. मीही त्यांच्यातलीच होते. शिबिरानंतर माझं मत बदललं. कसं बदललं, ते या अंकाच्या निमित्तानं तुमच्यापुढे मांडते आहे.

पहिल्या सत्रात आम्ही साधा प्रश्न विचारला. तुमच्या मते बळ म्हणजे काय? उत्तरं भराभर आली. कमरेत वाकून दिवसभर चिखलात आवणी करते, ते बळ. नवरा गेल्यावर तीन पोरं वाढवली, ते बळ. दारुड्याचा संसार वीस वर्षं ओढला, ते बळ. एक साठीच्या आजी म्हणाल्या, "मी कधी कुणाम्होरं रडले नाही. ह्येच माझं बळ." आजूबाजूच्या सगळ्या जणींनी माना डोलावल्या. मग एक तरुण मुलगी हळूच म्हणाली, "पण आजी, हे तर सगळं सोसणंच झालं की."

तिचं खरं होतं. बळ हा शब्द उच्चारला की आपल्या बायकांना सोसणंच आठवतं. बाईचं कौतुक करायचं तर ती सोशिक आहे म्हणायचं, आणि ती थकली तर तिचं मन कमकुवत झालं म्हणायचं. सोसायला ताकद लागते, हे कुणी नाकारणार नाही. पण ती सगळी ताकद आहे ते तसंच चालू ठेवण्यात खर्च होते. आपल्या मनात काय आहे ते ओळखायला, ते बोलायला, आणि बोलल्यानंतर जे होईल त्याला तोंड द्यायला जी ताकद लागते, तिच्याबद्दल आपल्याशी कधी कुणी बोललेलंच नाही.

दुपारी ही चर्चा आपोआप जमिनीवर आली. मुळशीत ती यायचीच. या तालुक्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास जमीन जाण्याचा आहे. १६ एप्रिल १९२१ ला टाटांच्या धरणाविरुद्ध इथं सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून सेनापती बापट म्हणून ओळखले गेले. मावळ्यांबरोबर बायकांनीही त्यात अटका सोसल्या. तरी धरण झालं, मुळेच्या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली आणि ते पाणी घाटाखाली भिऱ्याला वीज करायला गेलं. पुढं १९९०च्या दशकाच्या अखेरीस हिंजवडी-माणला संगणक उद्योग आला, २००० नंतर डोंगरात लवासा आलं, आणि रस्त्यारस्त्यानं शेतघरं, बंगले, रिसॉर्ट उभे राहिले. जिथं आंबेमोहोर पिकायचा त्या खाचरांना गुंठ्याचा भाव आला.

जमिनीला भाव आला आणि बहिणीच्या सहीलाही भाव आला. बाप गेल्यावर वारसनोंद होते, सातबाऱ्यावर मुलींची नावं लागतात. विकत घेणाऱ्याला मिळकत निर्वेध हवी असते. मग एके दिवशी भाऊ गाडी घेऊन येतो. बरोबर साडी असते, पोरांना खाऊ असतो. "ताई, फक्त एक सही पाहिजे. चल, तासाभरात आणून सोडतो." तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती जाते, दाखवतील तिथं सही किंवा अंगठा करते, फोटो काढून घेते. त्या कागदाला हक्कसोडपत्र म्हणतात, हे पुष्कळ जणींना नंतर कळतं. जन्मभर जिचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं, तिचं नाव लागतं ते सोडून देण्यापुरतं. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीदारांमध्ये बायकांचं प्रमाण जेमतेम १४ टक्के होतं. शेतात राबणाऱ्या बायका किती, ते तुम्हाला मी सांगायला नको.

शिबिरात आम्ही विचारलं, असा कागद कुणीकुणी केलाय? आधी कुणी हलेना. मग एक हात वर झाला, आणि मग हात वर होतच गेले. वयस्कर बायकांपैकी बहुतेकींचे होते. कातकरी वाडीवरून आलेल्या दोघींनी मात्र हात वर केले नाहीत. त्यातली एक म्हणाली, "आमच्याकडं सही मागाया जमीन हाय कुठं? आमच्या झोपडीखालची जागा तरी आमची हाय का, ते आधी सांगा." तिच्या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणून लिहून घेतला आहे. सही मागितली जाणं हेसुद्धा सगळ्या बायकांच्या वाट्याला येत नाही, याचं भान आपण ठेवलं पाहिजे.

वर झालेल्या हातांत एक हात माझा होता.

हे मी आजवर कुठंही बोलले नव्हते. १९८९ मध्ये, वडील गेल्यावर दोन महिन्यांनी, मी सही केली. तेव्हा मी गावोगाव बायकांना वारसाहक्क समजावून सांगत होते. कायदा मला पाठ होता. तरी भावानं कागद पुढे केला तेव्हा तो मी वाचलासुद्धा नाही. वाचायला घेतला तर त्याला वाटेल की मी त्याच्यावर संशय घेते, एवढीच एक गोष्ट त्या क्षणी डोक्यात होती. नंतर मी स्वतःची समजूत घातली की मला जमिनीचा मोह नव्हता. मोह नव्हता हे खरं असेलही. पण मी सही केली ती निर्मोहीपणानं नव्हे. मी घाबरले होते. आई त्या घरात राहत होती, मला तिथं येत-जात राहायचं होतं, आणि नाही म्हणणारी बहीण त्या घरात पुन्हा कशी शिरते हे मी कधी पाहिलं नव्हतं.

आता कायद्याचं थोडक्यात. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलीला बापाची वारस म्हणून वाटा दिला, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं मिळणारा हक्क मुलांपुरताच राहिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये तो हक्क मुलींनाही दिला, मात्र तोवर लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं लग्न झालेली आणि न झालेली हा भेद काढून टाकला. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात होता की नव्हता यावर मुलीचा हक्क ठरत नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. आणि हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं की ते रद्द करून घ्यायला दिवाणी कोर्टात जावं लागतं, फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, मुदतीचा प्रश्न येतो. म्हणून जो काही विचार करायचा तो सहीच्या आधी.

हे सगळं आपण शिबिरांत वर्षानुवर्षं सांगत आलो आहोत. बायका ऐकतात, टिपून घेतात. आणि तरीही सही करून येतात. असं का होतं?

या प्रश्नाशी जोडलेली माझी एक चूक तुम्हाला सांगितली पाहिजे. दहा-बारा वर्षांपूर्वी आपल्या एका गटातली बाई माझ्याकडे आली. भावांनी सही मागितली होती. मी तिला कायदा सांगितला, आणि ठणकावून सांगितलं की अजिबात सही करायची नाही. ती माझ्या भरवशावर गेली आणि भावांना नाही म्हणाली. मी पुढच्या बैठकीत तिचं उदाहरण दिलं, टाळ्या वाजल्या. त्या वर्षी नागपंचमीला तिला माहेरचं बोलावणं आलं नाही. भाऊबीजेला ओवाळणीचं ताट तयार करून ती दारात बसली, कुणी आलं नाही. तिची आई आजारी पडली ते तिला शेजारच्या गावच्या माणसाकडून कळलं. सासरचे म्हणायला लागले, भावाचं घर तोडणारी ही, आमचं काय जोडणार? दीड वर्षानं तिनं सही केली. आणि गटात यायची बंद झाली. आम्ही म्हटलं, डगमगली बिचारी.

गेल्या वर्षी ती मला पौडच्या बाजारात भेटली. मी काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, "ताई, तुमी सांगितलं ते खोटं नव्हतं. पर नाही म्हणून आले त्या रात्री माझ्यासंगं कुणी नव्हतं."

ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. मी तिला नाही म्हणायला शिकवलं होतं. नाही म्हटल्यानंतरची रात्र कशी काढायची, ते मी तिला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कशी? ती रात्र मी स्वतः कधी काढलीच नव्हती. मी तर सही करून मोकळी झाले होते.

म्हणून या शिबिरात आम्ही कायद्याचं सत्र थोडं आखडतं घेतलं आणि दुसरा पूर्ण दिवस त्या रात्रीला दिला. सुरुवात केली ती मनात काय काय होतं ते वेगवेगळं करून बघण्यानं. "जीव घाबरा होतो" एवढंच आपण म्हणतो. पण त्या घाबऱ्या जीवात किती गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात! माहेर तुटेल ही भीती असते. मला न विचारता ठरवलं याचा राग असतो. पैशासाठी भांडणारी म्हणतील याची लाज असते. लहानपणी ज्यानं पाठीवर घेऊन ओढा ओलांडून दिला, त्या भावावरची माया असते. आणि बाप गेल्याचं दुःखही असतं, त्याला रडायलाही उसंत मिळालेली नसते. बायकांनी हे एकेक वेगळं काढून सांगितलं तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. भावावर माया आहे म्हणून त्याच्या प्रत्येक मागणीला हो म्हणायचं, अशी गाठ आपण मनात बांधून ठेवलेली आहे. माया एका बाजूला ठेवता येते, मागणी दुसऱ्या बाजूला. माया कायम ठेवून मागणीला नाही म्हणता येतं. ही गाठ सुटली तरी निम्मा जीव हलका होतो.

मग आम्ही भूमिका करून पाहिल्या. एक जण बहीण, एक जण भाऊ. पहिल्या फेरीत बहिणी एक तर मुकाट सही करत होत्या, नाही तर पहिल्याच वाक्याला भांडायला उठत होत्या. मधलं काही आपल्याला येतच नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीला एक जण म्हणाली, "दादा, कागद माझ्याकडं ठेवून जा. वाचून, विचार करून आठ दिवसांनी सांगते." भाऊ झालेली बाई गडबडली. तिला उत्तरच सुचेना. सगळ्या हसल्या, पण त्या एका वाक्याची किंमत सगळ्यांना कळली. आठ दिवस मागून घेणं हेही बळच आहे. मुदत मागितली की घाईचा जोर ओसरतो, आणि समोरच्यालाही विचार करावा लागतो.

याच खेळात वहिनीची भूमिका करणारी एक बाई बोलता बोलता एकदम रडायला लागली. आम्हाला वाटलं, माहेरची काही आठवण आली असेल. ती म्हणाली, "माझ्या तिन्ही नणंदांच्या सह्या आणायला मीच गेले होते. मीच साड्या निवडल्या. धाकटी म्हणाली होती, वैनी, मला दोन गुंठे तरी ठेवा. मी म्हटलं, तुला काय कमी आहे?" हीच बाई सकाळी आपल्या माहेरच्या सहीबद्दल रागानं बोलली होती. पत्र्यावरचा पाऊस थांबला होता, आणि आत कुणीच काही बोलत नव्हतं.

मैत्रिणींनो, आपण सगळ्या एका घरात नणंद आणि दुसऱ्या घरात वहिनी असतो. माहेरी गेलेला वाटा आपल्याला दिसतो, सासरी आलेला वाटा कुणाचा होता ते दिसत नाही. तिचं रडणं पाहून तिला दोष द्यावा असं कुणालाच वाटलं नाही. तिला नवऱ्याच्या घरात स्वतःच्या नावावर काहीच नव्हतं. नणंदा वाटा घेऊन गेल्या तर आपल्या पोरांचं काय, ही तिची भीती खोटी नव्हती. पण तिची भीती आणि नणंदेचा हक्क यांची गाठ घालून सुटका झाली ती शेवटी कागद करून घेणाऱ्यांची. आपल्या हातून दुसरीवर झालेला अन्याय चार बायकांसमोर बोलून दाखवायला जे बळ लागलं, ते त्या दोन दिवसांत मी पाहिलेलं सर्वांत मोठं बळ होतं.

या ठिकाणी मला सावित्रीबाईंची आठवण झाली. आपण त्यांना शाळेसाठी, अंगावर झेललेल्या शेणासाठी आठवतो. पण १८५६ मध्ये आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला होत्या, तेव्हा त्यांनी जोतिबांना लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात त्या भावाबद्दल लिहितात. भाऊ आजारपणात त्यांची मनापासून शुश्रूषा करतो आणि महारामांगांसाठी काम करता म्हणून त्यांना आणि जोतिबांना बोलही लावतो. सावित्रीबाईंनी त्याला स्पष्ट उत्तर दिलं. त्याच्या मायेची नोंद आणि त्याच्या विचाराशी मतभेद, दोन्ही एकाच पत्रात आहे. त्याच्या सेवेच्या ओझ्याखाली त्या गप्प बसल्या नाहीत, आणि मतभेद झाला म्हणून त्याची माया नाकारलीही नाही. निरोगी नातं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? आणि हे पत्र त्या ज्याला लिहीत होत्या, त्या नवऱ्याशी असं सगळं बोलता येत होतं, हेही विसरून चालणार नाही. बोलायला माणूस असलं की उभं राहता येतं.

चळवळीलाही हे काही नव्यानं कळलेलं नाही. १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा यांचा मृत्यू झाला. त्यानंतर नारी समता मंचानं 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन भरवलं, तेव्हा ते पाहायला आलेल्या बायकांना स्वतःचं काहीबाही सांगायचं होतं. त्यातूनच 'बोलते व्हा' हे केंद्र उभं राहिलं. मंजुश्री यांनी बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुढं कोर्टात वाचली गेली. पत्रं लिहिली गेली होती, पण ती बाई वाचू शकेल अशी व्यवस्था आपल्यापाशी नव्हती. मोर्चा आणि कायदा जितका गरजेचा, तितकीच ऐकून घेणारी जागा गरजेची, हे तेव्हाच्या कार्यकर्त्यांनी ओळखलं होतं. आपण मधल्या काळात ते थोडं विसरलो.

एक शंका तुमच्या मनात आली असेल, माझ्याही मनात होती. मनाच्या बळाविषयी बोलायला लागलो की प्रश्न बाईच्या डोक्यात आहे असं होणार नाही का? धोका आहेच. आज मनःशांतीचा मोठा बाजार भरला आहे. याच मुळशीच्या डोंगरात शहरातली माणसं पैसे भरून शांतता शोधायला येतात, आणि पुष्कळदा ती शांतता अशाच कुणा बहिणीनं सोडून दिलेल्या वाट्यावर उभी असते. चांगला विचार करा, राग सोडा, क्षमा करा, असं तिथं शिकवलं जातं. आपल्या बाईला तेवढंच शिकवलं तर ती हसतमुखानं सही करून येईल. आपल्याला हवं असलेलं बळ वेगळं आहे. राग आला तर तो कशाचा आहे ते तिला कळावं. तो कुणाला, कधी, कुठल्या शब्दांत सांगायचा ते तिनं ठरवावं. आणि सगळा विचार करून तिनं सही द्यायचं ठरवलं, तर तीही तिनं भीतीपोटी न देता आपल्या मर्जीनं, बदल्यात काय हवं ते बोलून द्यावी. माहेरी राहायचा हक्क, आईच्या औषधपाण्याची सोय, रोख रक्कम, दोन गुंठे, काहीही. तिला काय हवं ते तिनं ठरवायचं आहे. कार्यकर्तीनं नव्हे. माझी चूक तीच होती.

हे बळ एकटीनं आरशासमोर बसून येत नाही. त्या दोन दिवसांत मला पुन्हा पुन्हा जाणवलं की ते एकीकडून दुसरीकडे येतं. एकीनं हात वर केला म्हणून दुसरीनं केला, तिच्यामुळे माझा झाला. म्हणून शिबिराच्या शेवटी आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटातही त्या करून बघा.

कुणाकडे सहीची मागणी आली की तिनं गटात सांगायचं, आणि कागद वाचल्याशिवाय सही नाही एवढा एकच नियम सगळ्यांनी पाळायचा. तिनं काय ठरवावं यावर गटानं मत लादायचं नाही. ती भावाशी बोलायला जाईल त्या दिवशी तिच्या दोन मैत्रिणींनी संध्याकाळी तिच्या घरी असायचं. भाकरी बरोबर न्यायची. नागपंचमी, गौरी-गणपती आणि भाऊबीज, हे तीन सण तिला एकटीला काढू द्यायचे नाहीत. तिचं माहेर काही काळ आपल्याला व्हावं लागेल. भावाशी बोलणं तोडायचं नाही. तिला जमत नसेल तर त्यांच्यातला एखादा समंजस माणूस शोधायचा. वहिनीला शत्रू समजायचं नाही, तिच्याही नावावर घर आणि जमीन लागावी असा आग्रह आपण धरायचा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ते माहीत करून घ्यायचं. आणि कुणाची झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नकोसं वाटायला लागलं, तर ते सोसण्यावर सोडायचं नाही. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मानसिक आधार मिळतो, डॉक्टरकडेही जाता येतं. तिथंही सोबत जायचं.

राहता राहिली माझी सही. शिबिरातून घरी आले आणि पुढच्याच रविवारी भावाकडे गेले. आता तोही साठी उलटून गेलेला आहे. मला काही परत मागायचं नव्हतं, मागूनही मिळालं नसतं. ती जमीन केव्हाच विकली गेली. जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "अण्णा, तो कागद मी न वाचता सही केला होता. मला तो वाचायचा होता. तुला राग येईल म्हणून वाचला नाही." तो बराच वेळ गप्प होता. वहिनी दारात येऊन उभी राहिली. मग तो म्हणाला, "तू तेव्हा काहीच बोलली नाहीस. मला वाटलं, तुला काही नकोय." थोडं थांबून म्हणाला, "विचारायला हवं होतं मी."

येताना एसटीत मला फार मोकळं वाटलं असं मी म्हणणार नाही. उलट राग आला, कधी नव्हे इतका. इतकी वर्षं जे वाक्य गिळून धरलं होतं, ते बोलायला दोन मिनिटं लागली होती. त्या रात्री झोप लागली नाही. पण मी एका मैत्रिणीला फोन केला. तिनं तासभर ऐकून घेतलं, आणि सकाळी ती नाष्टा घेऊन दारात हजर होती.

या अंकात बायकांनी आपापल्या सहीची हकिकत लिहावी असं आम्ही आवाहन केलं होतं. आलेली पत्रं पुढच्या पानांवर आहेत, नावं अर्थातच बदललेली आहेत. ती गटात मोठ्यानं वाचा. वाचताना कुणाला रडू आलं तर थांबवू नका. आणि ज्या मैत्रिणी मध्येच गटात यायच्या बंद झाल्या, त्यांच्याकडे एकदा जाऊन या. त्या डगमगल्या असं आपण म्हटलं होतं. कदाचित त्या रात्री आपण त्यांच्याजवळ नव्हतो, एवढंच असेल.

तुमच्या पत्रांची वाट पाहते.

तुमची मैत्रीण